एका कागदाची गिरजाबाई

पत्र हातात आलं की मी ते लगेच फोडत नाही. आधी उलटसुलट करतो, कडा चाचपतो, शेवटची घडी कुठे गेली आहे ते उजेडाकडे धरून पाहतो. घरातली माणसं वैतागतात. सून तर परवा म्हणालीच, "मामंजी, आतलं सोडून बाहेरच काय बघत बसता?" तिला काय सांगणार? तरुणपणी मी हे बाहेरचं बघायला शिकलो नव्हतो. उलट त्यात स्वतःचं शहाणपण घातलं, आणि त्याची शिक्षा भलत्याच दोघींनी भोगली. त्यातली एक गिरजाबाई.

गिरजाबाई अमरावतीची माळीण. अंबेच्या देवळासमोर फुलं विकायची. उंच, काटकुळी, काळीसावळी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळी नखं बारीक कापलेली आणि उजव्या अंगठ्याचं तेवढं वाढवलेलं. ते नख म्हणजे तिचं हत्यार. बसल्या जागी तिचा हात कधी मोकळा पाहिला नाही. फुलं संपली की पानं दुमडायची, पानं संपली की पदराचं टोक. माणूस समोर बोलत असला तरी तिची नजर त्याच्या तोंडावर नसे, त्याच्या उपरण्याच्या घडीवर असे. वाकडी घडी तिला बघवायचीच नाही. कापडवाल्याच्या दुकानापुढून जाताना ती पायरी चढून त्याचं ठाण उलगडायची, नीट घडी घालून ठेवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. तो बिचारा आधी भांडला, मग त्याने नाद सोडला. माझ्या पागोट्याकडे बघून ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "हे कोनं बांधलं जी पंत? डोक्यावर चुंबळ ठेवली वाटते."

मी देशावरचा. वऱ्हाडात आलो तो कापसाच्या मागे, म्हणजे कापसाने झपाटलेल्या एका शेटच्या आडतीत पत्रं लिहायला. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि म्हणून आमच्या अमरावतीत माणसं उभ्याने जेवत होती. सकाळचा भाव दुपारी शिळा व्हायचा. रस्त्यात गाड्यांना गाड्या लागलेल्या, बैल ओरडतायत, दलाल धावतायत, आणि कुणीही भेटला तरी रामराम करायच्या आधी "काय भाव?" न्हावी अर्धी दाढी करून बाजारात खबर काढायला जायचा. मी स्वतः तसा अर्ध्या दाढीने घटकाभर ओट्यावर बसून राहिलो आहे. त्या सगळ्या सैरभैर गावात सगळ्यात अस्वस्थ माणूस कोण म्हणाल, तर गिरजाबाई. आणि तिला भावाशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. अकोल्याला दिलेल्या तिच्या मुलीची, भागीची, खरी खबर.

भागी एकुलती एक. अकोल्याला मोर्णेच्या काठी वांगी-मेथी पिकवणाऱ्या चांगल्या माळ्याच्या घरात दिली होती. सासू-सून डोक्यावर पाट्या घेऊन बाजारात बसायच्या, आणि दिवाळीला भागी माहेरी यायची. मग कापूस आला. सासऱ्याने वांगी उपटून कापसाची पऱ्हाटी लावली, पुढे शेतीच वाट्याने देऊन कापसाची दलाली सुरू केली, दुमजली घर बांधलं. घर उंच झालं तशी घराची इज्जतही उंच झाली. सुनेने बाजारात बसायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. आणि सुनेची आई देवळापुढे फुलं विकते, हे तर चारचौघांत बोलायचंही नाही. भागीचं दिवाळीला येणं बंद झालं. वर्षातून दोनदा त्यांच्या मुनिमाच्या अक्षरातली चिठ्ठी यायची, ती गिरजाबाई माझ्याकडून वाचून घ्यायची. 'सौ. भागीरथी सुखरूप आहे. काळजी नसावी.'

"आनखी एक बार वाचा," ती म्हणायची.

मी पुन्हा वाचायचो. तिसऱ्यांदाही वाचायचो.

"हे कोन बोलून राह्यलं?"

"तुमचे व्याही."

"मंग माही पोरगी कुठं हाय याच्यात?"

बोलावल्याशिवाय लेकीच्या दारात जाऊन उभं राहावं तर सासरचे त्याचं उट्टं लेकीवर काढणार. भागीला लिहिता येत नाही, गिरजाबाईला वाचता येत नाही. मधे अकोला ते अमरावती दोन-तीन दिवसांची गाडीवाट, आणि त्या वाटेवरून रोज शेकडो गाड्या कापूस जातो, पण एका पोरीचा एक शब्द जात नाही.

आता लखोट्याचं सांगतो, म्हणजे हे सगळं कुठून सुरू झालं ते कळेल. आमच्या आडतीचं काम चिमूटभर रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, चालायचं. इकडचा माल कसा आहे हे मुंबईच्या व्यापाऱ्याला कळावं म्हणून पत्रातच थोडी रुई घालून पाठवायची. तिला आम्ही वानगी म्हणायचो. तेव्हा पत्राला वेगळं पाकीट नसे. लिहिलेलाच कागद दुमडायचा आणि खळीने चिकटवायचा, नाही तर लाखेचा ठिपका द्यायचा. खळ झुरळं खायची. आणि लाखेचं म्हणाल तर वऱ्हाडच्या उन्हात लाख म्हणजे गुळाचा पाक. थैलीत चार पत्रं एकमेकांना चिकटून जायची. एकदा आमचं पत्र आणि कुणाच्या तरी सोयरिकीचं पत्र असं गळ्यात गळा घालून मुंबईला पोचलं. उलट टपाली जबाब आला की माल पसंत आहे, मुलीची पत्रिका धाडावी. शेट तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू लाख मीच वितळवली होती.

त्याच आठवड्यात मी देवीला फुलं घ्यायला गेलो. गिरजाबाईने पळसाच्या पानात फुलं ठेवली, चार दुमडी मारल्या, देठ कुठे तरी खोचला आणि पुडा माझ्या हातात दिला. दोरा नाही, काडी नाही. मी तो हलवला, उलटा केला. सुटेना.

"बाई, हा सुटत कसा नाही?"

"सुटावं म्हून बांधत असते का कोनी?"

"कागदाचा जमेल असा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिल्याची ती पहिलीच वेळ असावी. "कागद म्हंजे पानच," ती म्हणाली. "त्याले शिरा नाहीत, एवढंच. शिरा आपुन पाडू."

मग पंधरा दिवस ती दुपारची आडतीच्या ओसरीवर येऊन बसायची. आत गादीपर्यंत कधी आली नाही. उंबऱ्याबाहेर तिची जागा. तिच्यापुढे मी कागद टाकायचा आणि तिने ते एकामागून एक खराब करायचे. विलायती कागदाला ती 'मरतुकडा' म्हणायची. बाळापूरचा जाड हातकागद मात्र तिच्या मनात भरला. "याले एकदा सांगतलं का याद ठेवते," ती नख ओढत म्हणायची. तिचा हट्ट एकच, कागद एकच असला पाहिजे. कातर नाही, खळ नाही, लाख नाही. मी एकदा म्हटलं, कोपरा जरा कापला तर सोपं होईल. ती म्हणाली, "तुमचं नाक आड येते तं कापता का?"

शेवटी बसलं एकदाचं. कागदाच्या अर्ध्या भागावर मजकूर. उरलेला अर्धा त्याच्यावर आला की मधे रुईपुरतं पोट. दोन बाजू कवाडासारख्या एकमेकींवर यायच्या, आणि चारी कोपऱ्यांपैकी एक फिरून फिरून पहिल्या घडीच्या फटीत शिरायचा. एकदा उघडलात की पुन्हा तसाच मिटता येत नाही. मोडलेली घडी लपत नाही. शेटना भलताच आनंद झाला. त्यांनी बाजारातल्या तीन उस्ताद दलालांना बोलावलं आणि म्हणाले, "खोलके बताव." दोघांनी हात टेकले. तिसरा लखोटा घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी हसत परत आला. लखोटा जसाच्या तसा, आणि आतली रुई बदललेली. पठ्ठ्याने कोपऱ्याच्या बारीक भोकातून दाभणाने चांगली रुई ओढून काढली होती आणि भिकार रुई कोंबली होती.

मला वाटलं, गिरजाबाई आता रडेल. ती टाळी वाजवून हसली. त्या दलालाच्या हातावर मोगऱ्याची फुलं ठेवून म्हणाली, "चोराबिगर कुलूप सुधरत नाही, बाप्पा. आनखी उद्या ये." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा लखोट्याला भोक उरलं नव्हतं. चारी कोपरे आत वळवले होते, आणि त्या वळवण्यात कागदाचं एक इवलंसं टोक शेवटी शिल्लक राहत होतं. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. ते आत खोचा, नाही तर बाहेर राहू द्या. लखोटा दोन्हीकडून पक्काच.

"मग हे ठेवलं कशाला?" मी विचारलं.

"राहू द्या. शोभेचं हाय."

शेट तिला काही तरी द्यायला निघाले. तिने मान हलवली. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, बाळापूरच्या कागदाचा पुरवठा कधी तोडू नये. आणि दुसरी, अकोल्याच्या दलालानेही आमच्याकडे वानगी पाठवायची ती याच घडीत.

"वहाँ सिखाएगा कौन?" शेटनी विचारलं.

"माही पोरगी हाय थ्या घरी. तिले लहानपनापासून येते."

अकोल्याचा आमचा दलाल म्हणजे तिचा व्याही, हे शेटना तेव्हा कळलं. ते मोठ्याने हसले. मीही हसलो. मला वाटलं, बाईला लेकीचं कौतुक. व्याह्यालाही बरंच वाटलं असणार. उंबऱ्याच्या आत राहून सून कामी येते आहे, आणखी काय पाहिजे?

दसऱ्यानंतर नवा कापूस सुरू झाला आणि अकोल्याहून रोजच्या डाकेला चार-पाच लखोटे येऊ लागले. गिरजाबाईही रोज येऊ लागली. सकाळची फुलं खपली की रिकामी पाटी कमरेवर घेऊन ओसरीच्या कडेला उभी राहायची. डाक मी घ्यायचो आणि लखोटे आतल्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचो. शेट ते स्वतःच्या हाताने फोडायचे, पण दुपारी, जेवण झाल्यावर. तेवढ्या वेळात ती लांबून त्या ओळीवरून नजर फिरवायची, "बरं हाय" म्हणायची आणि जायची. मी समजायचो, कारागीर आपली कारागिरी बघून जातो आहे.

आता माझं पाप. अकोल्याहून येणाऱ्या लखोट्यांची शेपटं बाहेर असायची. पहिल्या काही दिवसांत आत होती, दिवाळीच्या सुमारापासून बाहेर. थैलीतून काढतानाच एका लखोट्याचं शेपूट दुसऱ्यात अडकायचं, सगळे गुंतायचे, आणि शेट पहिल्याच दिवशी म्हणाले, "पंतजी, ये क्या धोबी का गठ्ठर है?" मी पडलो शिस्तीच्या घरातला. आमच्याकडे पंचा वाळत घालतानासुद्धा चारी टोकं जुळवतात. मी मनात म्हटलं, अकोल्याची माणसं घाईची, गबाळी. आपण नीट करावं. डाक आली की फळीवर मांडायच्या आधीच मी एकेक शेपूट आत खोचायचो आणि वरून अंगठ्याचं नख ओढायचो. नख कसं ओढायचं ते गिरजाबाईनेच मला शिकवलं होतं. कोपरापासून हात हलवायचा, मनगटापासून नाही, आणि श्वास सोडताना दाबायचं. मी इतकं सफाईने करायचो की मूळ घडी कोणती आणि माझी कोणती, हे मलाही सांगता आलं नसतं. त्याचा मला अभिमान होता.

आणि ती रोज बघून जायची. "बरं हाय."

पण बाई निवांत झाली नाही. उलट जास्तच बिथरली. देवळापुढची जागा सोडून पेठेत बसली, तिथून उठून पुन्हा देवळापुढे. कधी सकाळची फुलं अर्धी टाकूनच यायची. एकदा मला म्हणाली, "पंत, समदं बरं हाय तं मले बरं काहून वाटत नाही?"

"मुलीची आठवण येत असेल," मी म्हटलं.

"आठवन कवा जाते जी, की येईन?"

ती म्हणाली ते बरोबरच होतं. मी मात्र तिला गीतेतलं काही तरी ऐकवलं. त्या वयात मला फार येत असे.

शिमग्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाजार थोडा थंड होता, शेट बाहेर गेले होते. गिरजाबाई ओसरीवर उभी राहून फळीकडे बघत होती. मला जरा बोलायची हुक्की आली. मी म्हटलं, "गिरजाबाई, तुमच्या अकोल्याच्या लेकीची घडी आता सुधारली हो."

"काहून? बिघडली होती का?"

"अहो, दिवाळीपासून सगळी शेपटं बाहेर यायची. मी रोज बसून आत घालायचो. संक्रांतीनंतर मात्र तीच आत घालून पाठवते. मला आता हात लावावा लागत नाही."

तिच्या कमरेवरची पाटी खाली पडली. ती उचलायला ती वाकली नाही.

"तुमी आत घालत होते?"

"हो."

"दिवाळीपासून संक्रांतीवरी?"

"हो. का?"

"रोज?"

मी मान हलवली. मला काही तरी भयंकर झाल्याचं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तिने ओसरीचा खांब धरला. मग ती अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "शेपूट आत म्हंजे बरी हाय. शेपूट भायेर म्हंजे मले घ्याले ये. लहानपनी फुलाच्या पुड्यावर खेयत होतो आमी मायलेकी. तिले याद होतं. दोन महिने बोलावून राह्यली होती ते मले."

"पण संक्रांतीनंतर..." मी बोलायला गेलो आणि थांबलो. संक्रांतीनंतर शेपटं आपोआप आत का येऊ लागली, ते माझ्या त्याच क्षणी ध्यानात आलं. भागी सुधारली नव्हती. भागी बोलवायची थांबली होती.

गिरजाबाईने मला एक शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिने विचारलं ते एवढंच, "अकोल्याले गाडी कवा हाय?"

मी शेटना काही तरी खोटं सांगितलं, अकोल्याच्या मालाबद्दल, आणि आडतीचीच दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जोडली. वाटेत गाडीवान, ती आणि मी. समोरून कापसाच्या गाड्या सुटत नव्हत्या. आम्हाला सारखं बाजूला उतरून थांबावं लागायचं. थांबलो की ती खाली उतरून पुढे चालू लागायची. गाडीने तिला गाठलं की बसायची, पुन्हा थांबलो की पुन्हा चालायची. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला मी भाकरी पुढे केली, ती तिने बैलाला घातली. मी माफी मागायला चारदा तोंड उघडलं, आणि चारही वेळा वाऱ्याबद्दल काही तरी बोललो.

अकोल्याला पोचलो तेव्हा भर दुपार होती. व्याह्याचं घर नवं, दाराला हिरवा रंग. व्याही बाजारात गेला होता. विहीण दारात आली, नखशिखान्त पाहून म्हणाली, "निरोप नाही, काही नाही. आली काहून?"

"पोरीले न्याले आली."

"आमी तुले म्हनलं होतं का ने म्हून?"

"नाही म्हनलं. तरी आली."

विहीण आत गेली आणि दार लागलं. गिरजाबाई पायरीवर बसली. ऊन मी म्हणत होतं. शेजारच्या एका म्हातारीने पाण्याचा लोटा आणला. गिरजाबाईने हात जोडले. लेकीच्या गावचं पाणी ती पीत नसे. लेकीला मूल होईपर्यंत आईने ते प्यायचं नाही, आणि मूल झालेलं नव्हतं. आत त्याच गोष्टीवरून काय चाललं असेल याचा अंदाज मला तिथे उभ्याउभ्या आला. दोन-अडीच तासांनी व्याही आला. चार लोक जमले होते, त्यांच्यापुढे त्याला तमाशा नको होता. शिवाय आमच्या आडतीचा माणूस, म्हणजे मी, पायरीपाशी उभा दिसला. तो आत गेला, बोलाचाली झाली, आणि विहिणीचा आवाज बाहेरपर्यंत आला, "जाऊ द्या नं मंग! पोराले दुसरी तं पाह्यलीच हाय आपुन."

भागी बाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. आईचीच उंची, आईचाच रंग. बोटं मात्र कागदाने चिरलेली, एकेका बोटाला चिंधी. हातात एक गाठोडं. ती आईच्या गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं. ती तीन पायऱ्या वरच थांबली.

"आता आली?"

"हो व माय."

"दिवाळीपासून संक्रांतीवरी धाडून राह्यली होती मी. एक नाही, दोन नाही. जेवढे लखोटे इथून गेले तेवढ्यांचं शेपूट भायेर ठेवलं. रातीले वाटे, उद्या येईन माय. परवा येईन. तुह्या डोयाले दिसलं नाही?"

मी पुढे सरकलो. बोलायची हीच वेळ होती, आणि मी बोलणार होतो. निदान आज तरी मी तसं म्हणतो. गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग वर लेकीकडे बघून म्हणाली, "नाही व माय. मले दिसलं नाही."

परतीच्या वाटेवर भागी गाडीत पुढच्या बाजूला गाडीवानाकडे तोंड करून बसली, आणि सबंध वाटभर आईला बोलत राहिली. पाठ फिरवून, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. "मी मेली असती तं?" "तुले फुलंच प्यारी." "दुसऱ्याच्या घड्या तं कोसावरून दिसतात तुले." गिरजाबाई सगळ्याला हो म्हणत होती. मला ते असह्य झालं. मूर्तिजापूरच्या विहिरीवर भागी तोंड धुवायला गेली तेव्हा मी म्हटलं, "गिरजाबाई, मी सांगतो तिला. माझी चूक तुम्ही का अंगावर घेता?"

"नोका सांगू."

"पण का?"

ती विहिरीकडे बघत होती. "तुमच्यावर राग धरून तिले काय भेटन, पंत? तुमी परके. मी तिच्या बोलावन्यावर आली नाही, हे तं खरंच हाय नं. राग माह्यावर राह्यला तं भांडाले तरी माह्यापाशी राहीन. तिले कोनाशी तरी भांडू द्या. तिकडे तिले तेही करू देत नव्हते."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

अमरावतीला आल्यावर भागीने घरात कागद येऊ दिला नाही. एकदा शेटनी बाळापूरचे पन्नास ताव पाठवले, ते तिने अंगणात फेकले. गिरजाबाईने ते गोळा करून मला परत आणून दिले. "आता माह्याकडून होनार नाही," म्हणाली. शेट बरेच चिडले, दोनदा स्वतः तिच्या दारात जाऊन आले. ती ऐकेना. लखोटे मग मीच करू लागलो. चालायचे, पण तिच्यासारखे नव्हते. देवळापुढे ती अजून बसायची. भागी शेजारी बसून हार गुंफायची आणि बोलत असायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, केवढी तोंडाळ पोरगी, आणि आई किती गरीब.

पुढे गिरजाबाईच्या शेंदूरजना घाटच्या भावाने दोघींना बोलावलं. त्याचा मळा होता, विहीर होती, आणि फुलांना माणूस हवं होतं. दोघी निघाल्या तो दिवस मी विसरणार नाही, आणि अमरावतीही विसरणार नाही, कारण त्याच सकाळी मुंबईहून तार आली की तिकडची लढाई मिटली. बाजार फुटल्यासारखा झाला. माणसं अनवाणी धावत होती. कुणी कापसाच्या गाठी विकायला, कुणी विकत घेतलेल्या नाकारायला. आमचे शेट धोतराचा सोगा हातात धरून तारघराकडे पळाले. मी त्यांच्या मागे निघालो आणि वळणावर मला त्या दोघींची गाडी दिसली. त्या गर्दीत ती एकटीच शांतपणे उभी होती. गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. मागे दोन गाठोडी, एक पाटी, एक तांब्या. भागी आत बसली होती. गिरजाबाई खाली उभी राहून सामान लावत होती.

मी धावत गेलो. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेलो. गिरजाबाईने मला येताना पाहिलं आणि मान इतकी हळू हलवली की दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. मी थांबलो. तेवढ्यात भागी आतून खेकसली, "माय, थ्या गाठोड्याची गाठ सुटून राह्यली. सांडन समदं वाटेत. दिसत नाही का तुले?"

"नाही व माय," गिरजाबाई म्हणाली. "मले नाही दिसत."

गाठ सुटलेली नव्हती. मला रस्त्यावरून दिसत होती, चांगली घट्ट होती. गिरजाबाईने ती सोडली, आणि लेक बघत असताना पुन्हा बांधली.